नुसता मायना

१४ डिसेंबर, रविवार. तुरीच्या शेंगा सोलायच्या होत्या आणि पुण्याच्या व्याह्यांना ई-मेल पाठवायचा होता. शेंगा व्यवस्थित सोलल्या गेल्या.

व्याही म्हणजे इंगळे साहेब. त्यांचा मुलगा निखिल आणि आमची प्रज्ञा यांचं लग्न ठरलं होतं. साहेब मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, पण सगळी नोकरी बँकेत, पुण्यात झालेली. निवृत्त झाल्यावरही माणूस बँकेतच राहिलेला. व्हॉट्सअ‍ॅप वापरत नाहीत. फोनवर बोलतात, पण फोनवर ठरलेलं मानत नाहीत. पहिल्याच भेटीत मला म्हणाले, "मॅडम, जे काही असेल ते ई-मेलने कळवा. तोंडी बोलण्याला पुरावा नसतो."

मला हा माणूस तिथल्या तिथे पसंत पडला. (मुलगा नंतर पसंत पडला.) मी मेहकरला एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर अर्धं आयुष्य काढलं आहे. पत्र कसं असावं हे मला कुणी शिकवू नये. वर मायना, मायन्यापुढे स्वल्पविराम, मग नवी ओळ, मग मजकूर. एवढं चार लोकांना जमलं तर देशाचा कारभार सुधारेल असं माझं मत आहे. आमच्याकडे एक नवीन बाई आल्या होत्या. त्यांनी "महोदय" लिहून पुढे उद्गारचिन्ह टाकलं. मी विचारलं, "साहेबांना लिहिताय की विहिरीत पडलेल्याला हाक मारताय?" पत्र परत. बाई आजही माझ्याशी मोजकंच बोलतात. पण स्वल्पविराम बरोबर देतात.

इंगळे साहेबांच्या पहिल्या मेलची सुरुवात होती, "आदरणीय मॅडम, सविनय जयभीम," आणि पुढे नवी ओळ. मी तो मेल यांना दाखवला. हे म्हणजे माझे मिस्टर, खतं-बियाणांचं दुकान चालवतात, आणि पावती सोडून दुसरं काही लिहीत नाहीत.

"काय आहे यात?" हे म्हणाले.

"स्वल्पविराम बघा."

"हाव, आहे." आणि जेवायला बसले.

व्याहीणबाईंना मात्र आमच्याबद्दल शंका होती. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या सासूबाईंनी दारातच विचारलं होतं, "काऊन व बाई, इतकी वाळली? तिकडं खायाले भेटत नाही काय?" पुण्यात वाळण्यासाठी पैसे मोजतात हे आईंना कोण सांगणार! परत जाताना व्याहीणबाई गाडीत म्हणाल्या म्हणे, "माणसं चांगली आहेत, पण अगदीच गावाकडची आहेत. कार्यक्रम नीट करतील ना?" हे निखिलने प्रज्ञाला सांगितलं, प्रज्ञाने मला सांगितलं, आणि मी कुणाला न सांगता दात-ओठ खाल्ले. नीट करतील ना? ठरवलं, साक्षगंध (पुण्यात ज्याला साखरपुडा म्हणतात ते) असं करायचं की बाईला बोट ठेवायला जागा सापडू नये.

साक्षगंध २१ तारखेला, सकाळी अकराला, मेहकरच्या एका हॉलमध्ये ठरलं होतं. तसा मेल गेला होता, पत्त्यासकट. आणि १३ तारखेला हॉलवाल्याचा फोन आला.

"ताई, जराशी गडबड झाली. त्या तारखेचा हॉल माह्या भावानं अगोदरच दुसऱ्या पार्टीले देऊन टाकला होता. मले मालूम नव्हतं."

"मग त्यांना दुसरी तारीख द्या."

"त्यांचं बारसं हाये ताई. तुमचं तं पुढं जाऊ शकते. लेकरू वाढून राह्यलं."

या युक्तिवादापुढे माझी सेवाज्येष्ठता चालली नाही. पण मार्ग लगेच निघाला. माझ्या नणदेचं घर दुसरबीडला, रस्त्याला लागून, पुढे हे एवढं अंगण. पुण्या-जालन्याकडून येणाऱ्यांना तर मेहकरच्या अलीकडेच पडतं. नणदेचे यजमान, म्हणजे आमच्या घरचे मोठे जावई, म्हणजे भाऊजी, रविवारी सकाळी स्वतः मोटारसायकलवर आले आणि ओट्यावर बसून त्यांनी जाहीर केलं, "वहिनी, माह्या अंगणात करा. मंडप माहा. त्या हॉलवाल्याले दाखवून देऊ."

भाऊजी मनाने फार मोठे आहेत. आवाजाने त्याहून मोठे. दोष एकच, ते रुसतात. आमच्या घरात भाऊजी न रुसता कोणतंही कार्य पार पडलेलं नाही, आणि पडलं असतं तर ते कायदेशीर धरलं गेलं नसतं.

तर आता उरलं होतं फक्त व्याह्यांना कळवणं. अंगणात शेंगांचा ढीग, भोवती सासूबाई, हे, भाऊजी, आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन घरूनच ऑफिस करणारी प्रज्ञा. मी मोबाइल घेऊन बसले. कार्यालयातल्या सवयीने आधी मजकूर लिहिला. हॉलच्या अडचणीमुळे कार्यक्रम मेहकरऐवजी दुसरबीडला, अमुक ठिकाणी, वेळ तीच. चार वाक्यं, एकही शब्द जास्त नाही. आधीच्याच मेलवर उत्तर म्हणून लिहिलं, म्हणजे सगळा पत्रव्यवहार एकाखाली एक राहतो. मग वर जाऊन मायना घातला आणि (इथे चुकलं) तो मोठ्याने वाचला.

"आदरणीय इंगळे साहेब, सविनय जयभीम,"

सासूबाईंचा हात थांबला. "अन् त्याच्या मायले?"

"कुणाला?"

"त्याची माय हाये ना जित्ती. बुढीले सोडून पोराले जयभीम? पोस्टकार्डात आधी बुढ्या मानसाचं नाव ये. तुह्या मोबाइलात बुढे मानसं चालत नाही काय?"

आईंचं म्हणणं चूक नव्हतं. मी इंगळे साहेबांच्या मातोश्री सगळ्यात वर घेतल्या. मग हे म्हणाले, व्याहीणबाई राहिल्या. त्या घेतल्या. मग निखिलचे अकोल्याचे काका. "त्यांचं नाव नसलं तर ते येतील, पण जेवणार नाहीत," हे म्हणाले. काका-काकू घेतले. मग काकांना घेतलं तर आत्याला कसं सोडायचं? आत्या घेतल्या. आत्यांचे यजमान घेतले.

"आता आपल्याकडचे," सासूबाई म्हणाल्या.

"आपल्याकडचे कशाला? आपण पाठवतोय."

"म्हनूनच तं. माहा जयभीम माह्या नावानं जाईन. तुह्या जयभीमात माहा बसत नाही."

आईंचा वेगळा जयभीम लिहिला, साहेबांच्या मातोश्रींना, समवयस्क म्हणून. यांचा लिहिला. एवढ्यात मला जाणवलं की शेंगा सोलण्याचा आवाज वाढला आहे. भाऊजी एकेक शेंग अशी फोडत होते जशी तिने काही गुन्हा केला आहे.

"भाऊजी, काय झालं?"

"काई नाही. चालू द्या."

"सांगा तर."

"काई नाही म्हनलं ना. अंगन माहं, मंडप माहा. नाव नसलं तरी चालते. आपुन काय, मंडपाचा बांबू."

मी घाईने लिहिलं, "तसेच आमचे मोठे जावई यांचाही सविनय जयभीम," आणि वाचून दाखवलं.

"तसेच?" भाऊजी म्हणाले. "तसेच म्हंजे उरलेसुरले?"

तसेच काढलं. भाऊजींना स्वतंत्र ओळ दिली. ते ओट्यावरून उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि चष्मा वर करून मोबाइलमध्ये बघू लागले.

"वहिनी, हे समद्यांच्या पुढं शेपटी कायची हाये?"

"स्वल्पविराम आहे. मायन्यापुढे तोच असतो."

"समद्यांले शेपटी अन् मलेही शेपटीच?"

"मग काय देऊ?"

"ते असते ना, उभी काडी अन् खाली टिपका. ते द्या."

मी मोबाइल खाली ठेवला. उद्गारचिन्ह! माझ्या हातून! मायन्यापुढे!

प्रज्ञा लॅपटॉपमधून म्हणाली, "मामाजी, त्याने ओरडल्यासारखं वाटतं."

"वाटू दे. मी ओरडतोच."

"पूर्णविराम देऊन टाक," हे म्हणाले. यांना दुकानात जायचं होतं.

"नको हां पप्पा. नावापुढे पूर्णविराम दिला की माणूस चिडलाय असं समजतात."

"मी चिडलो नाही," भाऊजी चिडून म्हणाले. "पन ज्याच्या अंगनात कार्यक्रम, त्याले काडी-टिपका भेटत नसन तं मंग मेहकरातच पाहा हॉल."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता ही बाई माझी सासू असली तरी भाऊजी तिचे जावई आहेत, त्यामुळे त्या नजरेत न्याय शोधण्यात अर्थ नव्हता. मी स्वतंत्र ओळीत भाऊजींना उद्गारचिन्ह दिलं. इतकी वर्षं सांभाळलेली एक गोष्ट एका मंडपापायी गेली.

यात मायना एवढा लांबला होता की छोट्या पडद्यावर मजकूर कुठल्या कुठे खाली गेला. सारखा मध्ये यायला लागला म्हणून मी तो कापून घेतला. मायना एकदाचा पक्का झाला की खाली चिकटवायचा, साधं काम. मग सगळ्यांनी मायना पुन्हा वाचायला लावला. मी वाचला. सासूबाईंनी मान डोलावली. हे "झकास" म्हणाले. भाऊजींनी स्वतःची ओळ दोनदा वाचून घेतली, दुसऱ्यांदा काडी-टिपक्याच्या आवाजात. अंगणात अशी शांतता आणि समाधान पसरलं की जसं कार्यच पार पडलं आहे.

"आता कसं," सासूबाई म्हणाल्या. "पाठव."

पाठवला.

संध्याकाळी व्याह्यांचं उत्तर आलं. "आदरणीय मॅडम, सविनय जयभीम, आपले पत्र मिळाले. आम्हां सर्वांना किती आनंद झाला ते सांगता येत नाही. असे पत्र हल्ली कोणी लिहीत नाही. आम्ही सर्व जण ठरल्याप्रमाणे वेळेवर पोहोचतो. कळावे." मी ते उत्तर घरभर दाखवलं.

हे म्हणाले, "एक फोन करून सांगून देऊ काय, जागा बदलली म्हणून?"

"लेखी पोच आली आहे. पोच आल्यावर फोन करणं म्हणजे तुम्हाला वाचता येतं का, असं विचारणं."

"बरं," हे म्हणाले. भांडणात वेळ घालवायचा नाही हा यांचा धंद्यातला नियम आहे.

निखिल नागपूरला नोकरीला, तो तिकडूनच येणार होता. प्रज्ञाने त्याला जागा सांगितलेली होती. त्याने आपल्या वडिलांना फोन केला, "बाबा, मेल बघितला ना? तिथेच यायचं." वडील म्हणाले, "मेलमध्ये आहे तिथेच येणार." दोघांचं समाधान झालं. बापलेक दोघेही माझ्या लेखी कारभारावर विसंबून होते, हे इथे नमूद करते.

२१ तारखेला दुसरबीडला भाऊजींनी जो मंडप घातला, तो पाहून रस्त्यावरच्या गाड्या हळू होत होत्या. बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, समोर निशिगंधाचे हार, मेणबत्त्या, पांढऱ्या चादरी कडक इस्त्रीच्या. वंदना घेणारे बौद्धाचार्य वेळेआधी हजर. नणदेने रात्री जागून वांगी चिरलेली. व्याहीणबाईला बोट ठेवायला जागा सापडेल तर शपथ!

साडेदहाला निखिल मित्रांसह नागपूरहून आला. अकरा वाजले. नवरामुलगा आला, आईबाप नाहीत. ते आदल्या दिवशीच जालन्याला नातेवाइकांकडे मुक्कामाला आले होते, म्हणजे उशीर व्हायचं कारण नव्हतं. सव्वाअकरा झाले. सासूबाई म्हणाल्या, "पोरगं धाडून मायबाप पयाले काय?" तेव्हा मी फोन लावला.

"साहेब, कुठपर्यंत आलात?"

"आम्ही? आम्ही केव्हाच पोहोचलो. चहा झाला, पोहे झाले. व्यवस्था फार उत्तम आहे, मॅडम."

मी समोर पाहिलं. रिकाम्या खुर्च्यांच्या पाच रांगा.

"कुठे पोहोचलात?"

"हॉलवर. मेहकरच्या." मग आवाज थोडा खाली आला. "फक्त तुमच्याकडचं ओळखीचं कुणी दिसेना. म्हणून आम्ही मुलीच्या आईची चौकशी केली. तर त्या आतल्या खोलीत बाळाला पाजत आहेत असं कळलं. आमच्या मंडळी तेव्हापासून गप्प आहेत."

माझं वय बावन्न आहे!

"साहेब, ते बारसं आहे. दुसऱ्यांचं. आपला कार्यक्रम दुसरबीडला आहे."

"दुसरबीड? दुसरबीडवरून तर आम्ही आलो. रस्त्यालाच एका घरापुढे मंडप होता. मंडळी म्हणाल्या, कुणाचं तरी थाटाचं कार्य दिसतंय."

"तेच आपलं."

फोनमधून बारशाचा पाळणा ऐकू आला. मग साहेब बँकेच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, आपला मेल मी छापून आणला आहे. माझ्या हातात आहे. यात दुसरबीडचा उल्लेख नाही."

"असं होऊच शकत नाही," मी म्हणाले, आणि पाठवलेला मेल उघडला. भोवती सगळे जमले. मातोश्रींना जयभीम, साहेबांना जयभीम, व्याहीणबाई, काका, काकू, आत्या, आत्यांचे यजमान, आमच्या आईंचा, यांचा, मग भाऊजी, काडी-टिपका, आणि पुढे मोकळं रान. मजकूर कापला होता तो कापलेलाच राहिला होता. आणि त्या मोकळ्या रानाच्या खाली आधीचा मेल, ऐटीत, मेहकरच्या हॉलच्या पत्त्यासकट.

"माहं नाव हाये ना?" भाऊजींनी विचारलं.

"आहे."

"मंग झालं."

फोन अजून चालू होता. साहेब म्हणाले, "मॅडम, मी स्पष्ट बोलतो. मंडळींचं म्हणणं आहे की हे काही ठीक चाललेलं नाही. आपण परत जाऊ, म्हणतात. पुढचं पुढे बघू."

मागे प्रज्ञा उभी होती. तिने खांद्यावरचा पदर हातात घेतला. निखिल त्याच्या आईला फोन लावत होता आणि आई उचलत नव्हती. मी साहेबांना म्हणाले, "तुम्ही पाळणा होईपर्यंत थांबा. मी येते."

भाऊजींची चारचाकी घेतली, यांना चालवायला बसवलं. दुसरबीड ते मेहकर पाऊण तासाचा रस्ता. अर्ध्या वाटेपर्यंत हे नुसता हॉर्न वाजवत होते. मग म्हणाले, "गेल्या गेल्या माफी मागून टाक. विषय मिटते."

"माफी कशाची? दहा माणसांना मान दिल्याची?"

"मजकूर नव्हता."

"मजकूर चार ओळींचा होता. मान दीड पानाचा होता. काय जास्त आहे ते तुम्हीच सांगा."

यांनी पुढचा ट्रक ओलांडला. मला माफी मागायला लाज वाटते असं कुणी समजू नये. पण मी माफी मागितली असती की व्याहीणबाईंचं "गावाकडची आहेत" लेखी झालं असतं. ते मी होऊ देणार नव्हते.

हॉलमध्ये गेले तर दृश्य असं. बारशाचं घर भाजीपाला पिकवणाऱ्या लोकांचं, मोकळ्या मनाचं. बाळाचा बाप पुण्याला कंपनीत, त्यामुळे पुण्याच्या नंबरच्या गाड्या पाहून त्यांनी धरलं की पोराचे मोठे साहेब आले. इंगळे साहेबांना टोपी-टॉवेल देऊन पहिल्या रांगेत बसवलेलं. (नंतर कळलं, त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, आणि ते आपलं लिहून आणलेलं भाषण बोलले होते, दोन कुटुंबं कशी एकत्र येतात यावर. टाळ्या भरपूर पडल्या.) व्याहीणबाईंच्या मांडीवर बाळ होतं. काका जेवत होते.

मला पाहून व्याहीणबाईंनी बाळ बाजूच्या बाईकडे दिलं. आधी मला वरपासून खालपर्यंत निरखलं, बहुधा बाळंतीण नाही याची खात्री करायला. मग म्हणाल्या, "अहो, आम्हाला वाटलं, गावाकडे असंच असेल. बोलावायचं एकीकडे, असायचं एकीकडे."

"गावाकडे असं नसतं, ताई," मी म्हणाले. "गावाकडे आधी मान पोचवतात. तुमच्या घरातल्या सगळ्यांना जयभीम पोचला का?"

त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी टोपी नीट केली, खिशातून छापलेला मेल काढला. "पोचला. आईला सर्वांत आधी पोचला. आईने तो तीनदा वाचून घेतला. शेजारच्यांनाही बोलावून ऐकवला. म्हणाली, आता पत्रात माझं नाव कोण लिहितं?" मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "पण मॅडम, मजकूर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकांनी घास हातात धरला.

"आमच्याकडे मायना वेगळा जातो, मजकूर वेगळा," मी म्हणाले. "मायना मेलने पाठवला. मजकूर मी स्वतः घेऊन आले आहे."

हे छताच्या पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता.

इंगळे साहेब उभे राहिले. "याला म्हणतात पद्धत," ते काकांना म्हणाले. "बँकेतसुद्धा आम्ही महत्त्वाचं असेल ते हस्तेच पाठवायचो." आणि काकांना अर्ध्या जेवणावरून उठवलं.

व्याहीणबाई मात्र बँकेत नव्हत्या. गाडीपर्यंत त्या माझ्या बाजूने चालत आल्या. दारापाशी हळूच म्हणाल्या, "मजकूर विसरलात ना?"

"ठिकाण दुसरबीड. वेळ अकराची होती," मी म्हणाले. "एवढाच मजकूर आहे."

त्या पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, "एक विचारू? एवढ्या सगळ्यांपुढे स्वल्पविराम, आणि तुमच्या त्या जावयांपुढेच उद्गारचिन्ह का?"

"भेटल्यावर कळेल."

आम्ही पोहोचलो तेव्हा भाऊजी मंडपाच्या तोंडाशी उभे होते. गाडीचं दार उघडायच्या आत त्यांनी जो जयभीम घातला त्याने रस्त्यापलीकडची कोंबडी उडून कुंपणावर बसली. व्याहीणबाईंनी छातीवर हात ठेवला आणि माझ्या कानात म्हणाल्या, "कळलं."

साक्षगंध एक वाजता झालं. वंदना झाली, अंगठ्या झाल्या, वांग्याची भाजी पुण्याच्या लोकांनी दोनदा घेतली. काका दुसऱ्यांदा जेवले. सासूबाईंनी व्याहीणबाईंना वाढताना पुन्हा वाळण्याचा विषय काढला, तर त्याच म्हणाल्या, "मग वाढा ना, आई." भाऊजी रुसले नाहीत. (संध्याकाळी थोडे रुसले, कारण फोटोत त्यांचा मंडप आला होता आणि ते आले नव्हते. ते मी धरत नाही.)

निघताना इंगळे साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता लग्नाची तारीख तुम्ही कळवा. तुमच्या पद्धतीनेच कळवा, मॅडम. चांगली पद्धत मोडू नये."

"मोडणार नाही," मी म्हणाले. आता शब्द दिल्यावर माघार घेणाऱ्यांतली मी नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, डबा भरून झाल्यावर मी मोबाइल घेतला. मातोश्रींपासून भाऊजींपर्यंत सगळा मायना घातला, ज्याला जे चिन्ह लागतं ते दिलं, आणि खाली काहीही न लिहिता पाठवून दिला. मुद्दाम. हे चहा पीत बघत होते.

"तारीख नाही लिहिली?"

"मायना वेगळा जातो."

यांनी कप खाली ठेवला. हसू येऊ नये म्हणून ओठ दाबून धरले होते. तेवढ्यात उत्तर आलंच. "आदरणीय मॅडम, सविनय जयभीम, मायना पोचला. आई आनंदात आहे. मजकूर घेऊन पुण्याला कधी येता?"

मी कार्यालयात दोन दिवसांच्या रजेचा फोन केला, बसस्टँडवर गेले आणि पुण्याच्या रात्रीच्या गाडीचं आरक्षण करून आले. खिडकीची जागा मिळाली.